ट्रिंगबाई आणि चाळिसावा मुद्दा

ट्रिंगबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता दोनच ठिकाणी उरली आहेत, बँकेत आणि दवाखान्यात. बाकी जगाला त्या ट्रिंगबाई. हे नाव कुठल्या ऑफिसात पडलं ते कोणालाच आठवत नाही, पण चिकटलं ते चिकटलंच. वय एक्कावन्न, अंगकाठी किडकिडीत, आवाज मात्र असा की फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेला असता.

काम काय, तर एखाद्या ऑफिसात टेलिफोनची नवी यंत्रणा बसली की ती चालते का ते बघायचं. तारा ओढणारे वेगळे, यंत्र बसवणारे वेगळे. ते सगळे हात झटकून गेले की बाई येतात. खांद्याला पिशवी, पिशवीत चाळीस मुद्द्यांचा फॉर्म, त्याखाली कार्बन आणि दुसरी प्रत. फोन दुसऱ्या टेबलावर देता येतो का, थांबवून ठेवता येतो का, तिघांना एकदम बोलता येतं का, असे एकेक मुद्दे. प्रत्येकापुढे बरोबरची खूण, आणि सगळ्यात खाली बाईंची सही. ती सही झाली की जुनी यंत्रणा बंद आणि नवी सुरू. सहीशिवाय कोणी वायरला हात लावत नाही.

घरी या कामाची फारशी किंमत नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "आमची सून पगार घेऊन लोकांचे फोन वाजवते. आमच्या वेळी शेजारची कार्टी हे फुकट करायची." नवरा शिंपी. तो आईला काही बोलत नाही, बायकोलाही नाही, पण शिवलेला शर्ट गिऱ्हाइकाला देण्याआधी उलटा करून एकेक शिवण ओढून बघतो. बाई म्हणतात, लग्नानंतरच्या तीस वर्षांत मी त्याच्याकडून एवढं एकच शिकले, आणि तेवढ्यावर माझं पोट चाललंय.

फोन वाजला म्हणजे झालं, असं मानणारी माणसं बाईंना बघवत नाहीत. फोन वाजणं म्हणजे नुसतं दार वाजणं. दार उघडायला कोणी आलं का, ते महत्त्वाचं. म्हणून बाईंची तपासणी इतरांसारखी नसते. इतर लोक फोन लावतात, "हॅलो, हॅलो, टेस्टिंग" म्हणतात आणि ठेवून देतात. बाई सोंगं घेतात. कधी तावातावाने भांडणारं गिऱ्हाईक होतात, कधी रडवेली आत्या, कधी ऐकू कमी येणारे आजोबा. त्या आजोबांचं सगळं बोलणं सासूबाईंचं आहे, फक्त आवाज जाडा केलेला. ऑफिसातली माणसं आधी बुजतात, मग पोट धरून हसतात, आणि हसता हसता कुठलं बटण कशाला हे त्यांच्या डोक्यात कायमचं बसतं. बावीस वर्षं हे असं चाललंय आणि बाईंनी सही केलेल्या यंत्रणेबद्दल एकही तक्रार आलेली नाही. एकही नाही. हे त्या स्वतः कधी सांगत नाहीत, पण कोणी सांगितलं तर अडवतही नाहीत.

तर ही गोष्ट त्यांच्या त्या एका सहीची.

काम होतं लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत. शहरातल्या एकशे ऐंशी इमारतींच्या लिफ्ट या कंपनीकडे. लिफ्ट मध्येच अडकली की आतल्या माणसाने लाल बटण दाबायचं. ते बटण कंपनीच्या ड्यूटी टेबलावर वाजतं, तिथला माणूस फोन उचलतो, धीर देतो आणि मेकॅनिकला पळवतो. लाल बटणाला दुसरा नंबर लागत नाही. अडकलेल्याच्या हातात तेवढाच एक धागा.

इतकी वर्षं हे फोन तळघरातल्या जुन्या बोर्डावरून जात होते. त्या बोर्डावर बसून फोन घेऊन वर ड्यूटी टेबलाला जोडून देणाऱ्या ऑपरेटरला सगळे काका म्हणत. काकांचे केस पांढरे, गुडघे कामातून गेलेले आणि कान शाबूत. दुपारी तीन वाजता बाईंच्या कंपनीचा लाइनमन त्या एकशे ऐंशी लाइनी जुन्या बोर्डावरून काढून नव्या यंत्रावर टाकणार होता. तोवर त्या लाइनींचे फोन काकाच बघणार होते, आणि नव्या यंत्रावर एकच लिफ्ट जोडलेली, ती ऑफिसची स्वतःची, तपासणीपुरती. लिफ्टवाल्यांची लिफ्ट मात्र जुनाट, जाळीच्या दाराची, आणि जिना तिच्याभोवती वळत वर गेलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

सकाळ झकास गेली. बाईंनी दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना गोळा करून एकेक सोय शिकवली. सगळ्यांना आवडली ती फोन फॉरवर्ड करण्याची. जागेवरून उठताना दोन बटणं दाबायची, की आपला फोन शेजारच्याच्या टेबलावर वाजतो. आजवर "जरा माझ्या फोनकडे बघ रे" म्हणून ओरडायला लागायचं. ड्यूटी टेबलावरचा गडी गेली सहा वर्षं डबासुद्धा फोनशेजारीच खायचा, डाव्या हाताने घास आणि उजवा हात रिसिव्हरवर. त्याने बाईंना दोनदा विचारलं, "म्हणजे बाई, हे केलं की मी उठलो तरी चालेल?"

"खुशाल उठा," बाई म्हणाल्या. "फोन तुमच्यामागे धावत येणार नाही, शेजारी जाऊन बसेल."

तिन्ही टेबलांवर त्यांनी ते करून दाखवलं. ड्यूटी टेबलाचा फोन सुट्या भागांच्या टेबलावर वाजला. सुट्या भागांचा तक्रार नोंदवणाऱ्या ताईंकडे वाजला. ताईंचा परत ड्यूटी टेबलावर वाजला. तिन्हींपुढे खूण. मग भांडणारं गिऱ्हाईक झालं, आत्या रडली, आजोबांनी मॅनेजरसाहेबांना "कोण? कोण बोलतंय?" म्हणून सात वेळा स्वतःचं नाव सांगायला लावलं. अख्खा मजला हसत होता. सव्वा वाजता एकोणचाळीस मुद्दे पुरे.

चाळिसावा मुद्दा म्हणजे लाल बटण. ते बाई स्वतः लिफ्टमध्ये अडकून तपासणार होत्या, आणि त्याचे त्यांचे तीन नियम होते. पहिला, ड्यूटी टेबलाला वेळ सांगायची नाही, कारण लिफ्ट वेळ ठरवून बंद पडत नाही. दुसरा, मोबाइल बाहेर ठेवायचा. तिसरा, लिफ्ट थांबवणाऱ्या मेकॅनिकने ड्यूटी टेबलाचा फोन आल्याशिवाय ती सुरू करायची नाही, बाईंनी आतून कितीही आरडाओरडा केला तरी. हा तिसरा नियम त्यांनी मेकॅनिककडून दोनदा म्हणून घेतला होता.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब घाईघाईने आले. तीनच्या कार्यक्रमासाठी तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मोठे साहेब शेजारच्याच केबिनमधून येणार होते आणि त्यांच्यापुढे कागद ठेवायचा होता. "बाई, एकोणचाळीस झाले, आता चाळिसावा काय पळून जातोय? सही करून टाका. तुमचं ते लिफ्टचं नाटक मग निवांत करा."

बाईंचा राग येतो तो इथे. बावीस वर्षांत ज्या बाईंनी मंत्र्याच्या ऑफिसातसुद्धा आधी सही दिली नव्हती, त्यांनी त्या दिवशी पेन उचललं. कोणी धमकी दिली नव्हती, लालूच दाखवली नव्हती. सकाळ चांगली गेली होती, लोक हसले होते, आणि एकोणचाळीस खुणा पडल्यावर चाळिसावी आजवर कधी अडली नव्हती. चाळिसाव्या मुद्द्यापुढेही त्यांनी खूण केली आणि खाली सही ठोकली. साहेब मूळ कागद घेऊन गेले. कार्बनची प्रत बाईंनी पिशवीत टाकली आणि दीड वाजता लिफ्टमध्ये शिरल्या.

तळमजला आणि पहिला मजला यांच्या मध्ये लिफ्ट गचका खाऊन थांबली. वर मशीनरूममध्ये मेकॅनिकने खटका बंद केला होता. जिन्याच्या कठड्याला बाईंनीच पाटी लटकवली होती, "तपासणी चालू. हात लावू नये." बाईंनी घसा साफ केला. या खेपेला दम्याच्या म्हाताऱ्याचं सोंग घ्यायचं ठरलं होतं. त्यांनी लाल बटण दाबलं.

टिक. टिक. टिक. मग एंगेज असल्याचा सूर.

बाईंनी परत दाबलं. परत तीनदा टिक, आणि तोच सूर. असं पाच वेळा झाल्यावर त्यांनी म्हाताऱ्याला बाजूला ठेवलं आणि कान देऊन ऐकलं. फोन एका टेबलावरून दुसऱ्यावर ढकलला गेला की यंत्र एकदा टिक करतं. तीन टिक म्हणजे तीन ढकलण्या. दीड वाजला होता. जेवणाची वेळ.

त्यांना सगळं समोर दिसल्यासारखं कळलं. ड्यूटीवाल्याने सहा वर्षांत पहिल्यांदा खुर्ची सोडली होती आणि शिकवल्याप्रमाणे फोन शेजारी दिला होता. सुट्या भागांच्या माणसाने त्याचा ताईंकडे, आणि ताईंनी त्यांचा ड्यूटी टेबलाकडे. तिघंही गुणी विद्यार्थी. तिघंही एकत्र जेवायला गेलेले, माझा फोन दुसरा कोणी बघतोय या भरवशावर. फोन तीन रिकाम्या खुर्च्यांभोवती फिरून दमून बंद पडत होता. बाईंनी ती सोय तीनदा तपासली होती, पण प्रत्येक वेळी एकच टेबल रिकामं ठेवून. तिन्ही एकदम रिकामी ठेवून बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. शिवण एकेक ओढून बघितली आणि शर्ट अंगात घालून बघायचा राहिला.

"ठीक आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "जेवून येतील."

पण जेवून कोणी जागेवर आलंच नाही. सगळे परस्पर हॉलमध्ये गेले, खुर्च्या मांडायला. फोन आपला शेजारी सुरक्षित आहे, मग घाई कसली? सव्वादोनला दोन कारकून जिन्याने वर चालले होते. बाईंनी जाळीला धरून हाक मारली, "अहो, मी खरंच अडकलेय. ड्यूटी टेबलाला सांगा, फोन लागत नाहीये."

त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "बघ, आता ही अडकलेली बाई झाली." दोघं हसले, पाटीकडे बोट दाखवून पुढे गेले. नंतर आलेल्या एका मुलीने तर टाळ्या वाजवल्या. मग बाईंनी चप्पल काढून जाळीवर बडवायला सुरुवात केली. वर मशीनरूममध्ये मेकॅनिकने तो आवाज ऐकला. त्याने नंतर कबूल केलं, मला वाटलं काय जीव तोडून काम करते बाई. दिलेला शब्द पाळत तो फोनची वाट बघत बसून राहिला. स्वतःच बांधलेल्या तिन्ही नियमांनी बाईंना तीन बाजूंनी कोंडलं होतं.

पावणेतीन झाले. बाई लिफ्टच्या फरशीवर बसल्या. स्वतःची त्यांना भीती वाटत नव्हती. आज ना उद्या कोणीतरी काढणारच. पण सही वर हॉलमध्ये, मोठ्या साहेबांच्या टेबलावर होती, आणि तीन वाजता एकशे ऐंशी लाइनी हलणार होत्या. मग उद्या दुपारी दीड वाजता कुठल्याशा इमारतीत कोणी लाल बटण दाबेल. कडेवर मूल असलेली एखादी बाई असेल, किंवा खराच दम्याचा म्हातारा. त्याला तीनदा टिक ऐकू येईल, आणि टिक म्हणजे काय ते त्याला कळणारही नाही. बाईंना इतकी लाज वाटली की त्यांनी पदराने तोंड पुसलं. बावीस वर्षांची ऐट एका सहीत गेली होती, पण ऐट गेली तर गेली. लाइनी हलता कामा नयेत, एवढंच आता उरलं होतं.

त्याच वेळी तळमजल्यावर कोणीतरी लिफ्टचं बटण दाबलं. परत दाबलं. मग काकांचा आवाज आला, "ही आता कुठे मेली?" लाइनमनने त्यांना सांगितलं होतं, शेवटची दहा मिनिटं बोर्डावर मी बसतो, तुम्ही वर कार्यक्रमाला जा. काकांना जिना झेपत नव्हता म्हणून ते लिफ्टची वाट बघत होते. गुडघे धड असते तर तेही हसत वर गेले असते.

"काका," बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, बोलल्या. "मी अडकलेय. फोन लागत नाही."

काका जिन्याच्या चार पायऱ्या चढून जाळीपाशी आले. त्यांनी पाटी वाचली, बाईंकडे बघितलं. "खरं अडकलाय," ते म्हणाले. "तीस वर्षं अडकलेल्यांशीच बोलतोय मी. सोंग करणारा असा हळू बोलत नाही. थांबा, वर जाऊन ड्यूटीवाल्याला उठवतो, पाच मिनिटांत बाहेर काढतो."

बाईंनी घड्याळ बघितलं. तीनला नऊ मिनिटं कमी. "तुमच्याकडे मोबाइल आहे?"

"दिवसभर कानाला फोन, वर खिशात कशाला बाळगू?"

"मग वर नका जाऊ. खाली जा. लाइनमनला थांबवा."

"अहो, आधी तुम्हाला..."

"काका, तुमच्या गुडघ्यांना नऊ मिनिटांत एकच जिना जमेल. मला इथे बसायला काही होत नाही. त्याने लाइनी हलवल्या तर तुमच्या एकशे ऐंशी इमारतींचे फोन उचलायला कोणी नाही."

"तो माझं ऐकेल? तुमची सही झालीये म्हणून सांगत होता."

बाईंनी पिशवीतून कार्बनची प्रत काढली. गुडघ्यावर ठेवली. खाली निळसर उमटलेली स्वतःची सही त्यांनी एकदा बघितली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली, मग चाळिसाव्या खुणेवर. शेजारी लिहिलं, "चाळिसावा मुद्दा नापास. लाइनी हलवू नयेत." वेळ घातली, परत सही केली आणि कागदाची घडी जाळीतून खाली सोडली. ती उचलायला वाकताना काकांच्या तोंडून जे शब्द निघाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण कागद उचलून, कठड्याला धरून, एकेक पायरी करत ते तळघराकडे उतरले.

तीन वाजून गेले. बाईंना काहीच कळायला मार्ग नव्हता. तीन वाजून चार मिनिटांनी मॅनेजरसाहेब धाडधाड जिना उतरत आले, लालबुंद झालेले, हातात मूळ कागद.

"बाई, काय चाललंय? वर मोठे साहेब बसलेत आणि तुमचा लाइनमन म्हणतो हलवत नाही. ही सही तुमचीच आहे ना?"

"माझीच."

"मग?"

"ती मी न तपासता केली. चूक माझी. आता खिशातला फोन काढा आणि ड्यूटी टेबलाचा नवा नंबर लावा."

साहेबांनी रागारागाने लावला. कानाला धरला. परत लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला, आणि ते जाळीपाशी वाकले. "तुम्ही कधीपासून आत आहात?"

"दीड वाजल्यापासून."

साहेब उलट्या पावली वर पळाले. पाच मिनिटांत ड्यूटी टेबलावरून मशीनरूमला फोन गेला आणि लिफ्ट खाली आली.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. ड्यूटी टेबलाचा फोन कोणाकडेही फॉरवर्ड होणारच नाही अशी सोय यंत्रातच करता येत होती, ती बाईंनी केली. तिथल्या माणसाला जेवायला उठायचं असेल तर बदली माणूस खुर्चीत बसल्यावरच उठायचं, असं साहेबांकडून लिहून घेतलं. ड्यूटीवाला मान खाली घालून उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही मी शिकवलं तेच केलंत. मी कच्चं शिकवलं." मग परत तपासणी झाली. आत कोण जाणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत असताना साहेब कोणाला न सांगता स्वतःच लिफ्टमध्ये जाऊन बसले. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

साडेचारला साहेबांनी कोरा फॉर्म पुढे केला. आवाज आता मऊ होता. "बाई, हा नवा भरा. जुना फाडून टाकू. झाल्या प्रकाराचा कोणाला पत्ता लागणार नाही. तुमचं नाव मोठं आहे."

"जुन्यावरच लिहिते," बाई म्हणाल्या. मूळ कागदावरची सही त्यांनी खोडली, खाली दुसरी वेळ घालून नवी सही केली, आणि खोडलेली सही लख्ख दिसेल असा तो कागद आपल्या मालकांकडे पाठवला. मालकांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि बावीस वर्षांतला पहिला ताकीदवजा कागद हातात दिला. बाईंनी तो घरी नेऊन नवऱ्याला दाखवला. त्याने वाचला, घडी केली आणि विचारलं, "दुरुस्त झालं ना?" सासूबाईंना काही सांगितलं नाही, तरी त्यांना कळलंच, आणि दोन दिवस त्या गंमत करायच्या विसरल्या.

अकराव्या दिवशी बाई दुसऱ्याच एका ऑफिसात एकविसाव्या मुद्द्यावर होत्या, तेव्हा काकांचा फोन आला. काकांना आता ड्यूटी टेबलाच्या शेजारची खुर्ची मिळाली होती, बदली माणसाची. ते म्हणाले, "बाई, आज दुपारी एका इमारतीत लिफ्ट अडकली. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. आत एक गरोदर बाई एकटी होती."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "किती वाजता?"

"एक चाळीसला."

"कोणी उचलला?"

"मी," काका म्हणाले. "ड्यूटीवाला जेवायला गेला होता."